प्रत्यक्षातले दाजी

दाजींना सहलीला नेऊ नये असं आमच्या घरात कुणाचंच मत नाही. गाड्या मात्र दोन असाव्यात आणि दाजी दुसरीत बसावेत, असं प्रत्येकाला मनातून वाटतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम सांगली. अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. धरणाच्या भिंतीवर उभं राहून पाण्याची पातळी वाचायची आणि वरच्या कचेरीला कळवायची, हे काम वर्षानुवर्षं केलं की माणसाला एक खोड लागते. कुठल्याही गोष्टीत खरं पाणी किती आहे हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कुणीतरी काहीतरी सुरस सांगावं, ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे व्हावेत, आणि नेमक्या त्याच क्षणी दाजींनी चष्मा काढून पुसत म्हणावं, ‘प्रत्यक्षात तसं नाहीये ते.’

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाच नद्यांचं पाणी एकत्र पडतं. भाविक ओंजळीत तीर्थ घेत असताना दाजींनी पुजाऱ्याला विचारलं होतं, की कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला, सावित्री कोकणात उतरून मिळते अरबी समुद्राला, मग दोघी एकाच तोंडातून कशा? पुजारी अनुभवी होता. ‘दक्षिणा त्या ताटात ठेवा,’ एवढंच म्हणाला. सिंहगडावर एक गुरुजी पोरांना घोरपडीची गोष्ट रंगवून सांगत होते. दाजी मागून म्हणाले, ‘घोरपडीचं सोडा, सिंहगड हे नावसुद्धा तानाजी पडायच्या आधीच्या पत्रांत सापडतं.’ गुरुजी पोरांना घेऊन पिठलं-भाकरीकडे वळले.

असा एक माणूस बहुतेक घराण्यांत असतो. अक्षता पडून झाल्यावर मुहूर्त पंचांगात सात मिनिटं आधीचा होता हे सांगणारा तोच, आणि आंबा खाताना तो देवगडचा नसून कर्नाटकातला आहे हे सांगणाराही तोच. त्याला कुणी दुष्ट समजू नये. तो वाचतो, कात्रणं ठेवतो, कुणाचं वाईट चिंतत नाही. त्याला फक्त समोर एक विश्वास ठेवणारा माणूस लागतो, नाहीतर त्याचा धंदा बसतो. आमच्याकडे ती गरज माझी आई भागवते. आई ऐंशीच्या पुढची आहे आणि पाटीवर छापलेलं, टीव्हीवर दाखवलेलं आणि मोबाइलवर आलेलं सगळं तिला खरं वाटतं. दाजी आणि आई ही जोडी तीस वर्षं एकमेकांना पुरून उरलेली आहे.

भाची ग्लासगोला नोकरीला लागली आणि तिनं सगळ्यांना उन्हाळ्यात बोलावून घेतलं. दाजींनी चार महिने अभ्यास केला. खात्यातून निवृत्त होताना राहून गेलेलं एक कोरं मेजरमेंट बुक त्यांच्याकडे होतं. धरणाच्या कामात ज्यात घनमीटर लिहितात त्या रकान्यांत त्यांनी स्कॉटलंड भरलं. डावीकडे ‘समजूत’, उजवीकडे ‘प्रत्यक्षात’. विमानात त्यांनी ते मला दाखवलं तेव्हा मी मनात म्हटलं, हा देश आता काही वाचत नाही.

तिथं आम्ही सात जणांची एक गाडी भाड्यानं घेतली. दोन परवडत नव्हत्या.

सुरुवात एडिंबरोच्या किल्ल्यापासून झाली. विझलेल्या ज्वालामुखीच्या गाभ्याचा उभा कातळ आणि त्यावर किल्ला. दुपारी एकला तिथं तोफ उडते. १८६१ पासून ही पद्धत आहे, रविवार सोडून. आईनं विचारलं, बाराला का नाही? आमची भाची म्हणाली, ‘आजी, इथले लोक काटकसरी. बाराला बारा बार काढावे लागले असते.’ हा तिथला ठरलेला विनोद आहे आणि तो ऐकून आईला स्कॉटलंड एकदम आवडलं. दाजी तोंड उघडणार तेवढ्यात तोफ उडाली. त्यांनी आपलं एचएमटीचं घड्याळ पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, ‘दोन सेकंद उशीर.’ मग आईकडे वळून त्यांनी खुलासा केला, की प्रत्यक्षात ही तोफ लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून आहे. आधी समोरच्या टेकडीवरच्या मनोऱ्यावरून एक गोळा खाली सोडायचे, पण धुक्यात तो दिसेना, म्हणून आवाज करायचं ठरलं. आई म्हणाली, ‘बरोबरच आहे. पण बारा बार महागच पडले असते.’

दाजींचा खरा बेत मात्र किल्ल्यातल्या एका दगडावर होता. स्कॉटलंडचे राजे ज्या शिळेवर बसून राज्याभिषेक करून घेत, ती शिळा. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं ती १२९६ मध्ये उचलून लंडनला नेली. १९५० च्या नाताळात चार विद्यार्थ्यांनी ती वेस्टमिन्स्टर ॲबीतून पळवली, त्यात तिचे दोन तुकडे झाले. पुढे १९९६ मध्ये ती सरकारी इतमामानं परत आली. दंतकथा अशी, की बायबलमधला याकोब हिच्यावर डोकं ठेवून झोपला होता. दाजींच्या उजव्या रकान्यात होतं, की भूगर्भतज्ज्ञांच्या मते हा पर्थजवळच्या स्कोन भागातला साधा वालुकाश्म आहे. आईसमोर हे सगळं मांडायचं म्हणून दाजींनी घसा साफ केला. पण शिळाच नव्हती. २०२४ च्या मार्चमध्ये ती पर्थच्या संग्रहालयात हलवली होती. खोडून काढायची वस्तूच जागेवर नाही, असा प्रसंग दाजींवर आयुष्यात प्रथमच आला. ते बराच वेळ राजमुकुटासमोर उभे राहिले, पण मुकुट खरा होता.

किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रस्ता म्हणजे रॉयल माइल. तो एक मैलापेक्षा जास्त आहे, हे दाजींनी पावलं मोजून सिद्ध केलं. तिथल्याच एका पाटीवर लिहिलेलं होतं, की हा जुना स्कॉटिश मैल आहे आणि तो इंग्रजी मैलापेक्षा लांब असे. दाजींनी पाटी वाचली आणि वही मिटली. पुढे त्या सबंध प्रवासात त्यांना जो आजार जडला, त्याची ही पहिली कणकण होती. त्या देशातल्या पाट्या दाजींच्या आधी बोलतात.

तिथून जवळच दुसऱ्या एका रस्त्याच्या कोपऱ्यावर बॉबी नावाच्या कुत्र्याचा छोटासा पुतळा आहे. मालक गेल्यावर हा कुत्रा चौदा वर्षं त्याच्या थडग्यापाशी बसून राहिला म्हणे. आईनं डोळ्यांना पदर लावला. पर्यटक शुभ म्हणून पुतळ्याचं नाक घासत होते. दाजी म्हणाले, ‘प्रत्यक्षात एका अभ्यासकाचं मत आहे की हे दोन कुत्रे होते. पहिला मेला तेव्हा दुसरा आणून बसवला, कारण बघायला गर्दी होत होती.’ आई म्हणाली, ‘मग दोघांनी केलं म्हणायचं. एकाला चौदा वर्षं जडच गेली असती.’ आणि तिनं दोघांच्या वतीनं एकदा नाकावरून हात फिरवला. शेजारून जाणारी एक स्थानिक बाई थांबून सौम्यपणे म्हणाली, की नाक घासण्याची पद्धत वगैरे काही जुनी नाही, पर्यटकांनीच काढलेली आहे, आणि पुतळा झिजतो. दाजींनी तिच्याकडे इतक्या आदरानं पाहिलं, की ताईनं त्यांचा दंड धरून त्यांना पुढं नेलं.

आता त्या दुकानाचं सांगतो. रॉयल माइलवर चौकटीच्या लोकरी कापडाची, म्हणजे टार्टनची, दुकानं रांगेनं आहेत. बाहेर ध्वनिवर्धकावर बॅगपाइप वाजत असतो, आत मफलर, टोप्या, किल्ट आणि प्रत्येक कुळाची वेगळी चौकट. माझ्या मुलाला किल्ट हवा होता. दुकानदार साठीचा, लाल गालांचा, स्वतः किल्ट घातलेला. त्यानं विचारलं, ‘तुमचं कूळ कोणतं?’ दाजी पुढे सरसावले. कुळाकुळाची चौकट प्राचीन आहे ही समजूत त्यांच्या वहीत दोन पानं व्यापून होती, आणि इथं पाटी कुठेच दिसत नव्हती. त्यांनी सुरुवातच केली १७४६ पासून. कलोडनच्या लढाईनंतर सरकारनं कायदा करून डोंगरी पुरुषांचा हा पोशाख बंद केला, सैनिकांना तेवढा वगळला. १७८२ मध्ये बंदी उठली तोवर निम्मं विसरून झालं होतं. मग १८२२ मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला आणि कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं सगळ्या सरदारांना हुकूम सोडला, की झाडून सारे टार्टनमध्ये या. खुद्द राजानं तेराशे चोपन्न पौंडांचा पोशाख शिवून घेतला. तो आखूड झाला, म्हणून खाली गुलाबी विजार चढवली. पुढं दोघा भावांनी जुनी हस्तलिखितं सापडल्याचं सांगून १८४२ मध्ये एक भला थोरला ग्रंथ काढला, कुळवार चौकटींचा. हस्तलिखित बनावट होतं.

एवढं सगळं दाजींनी सांगलीच्या इंग्रजीत, अंगठा आणि तर्जनी जुळवून, दुकानदाराच्या नाकासमोर सांगितलं. आम्ही दाराकडे सरकलो होतो. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘ते दोघे भाऊ ना? देव त्यांचं भलं करो. त्यांच्यावरच तर हे दुकान चाललंय.’ शिवाय त्यानं दाजींना माहीत नसलेलं सांगितलं, की आता टार्टनची सरकारी नोंदवही आहे, ठरावीक शुल्क भरलं की कुणालाही आपली चौकट नोंदवता येते, तुम्हीही नोंदवा. दाजींच्या चेहऱ्यावर असे भाव मी कधी पाहिले नव्हते. चोराला पकडायला जावं आणि त्यानं चहा विचारावा, तसे. पैसे देताना ताईनं तिथल्या बँकेची नोट काढली. दाजी शेवटचा प्रयत्न म्हणून पुटपुटले, की स्कॉटिश बँकांच्या नोटा कायद्याच्या काटेकोर अर्थानं ‘लीगल टेंडर’ नाहीत, खुद्द स्कॉटलंडमध्येसुद्धा. ‘अगदी बरोबर,’ असं म्हणत दुकानदारानं नोट गल्ल्यात टाकली आणि सुटे दिले. तेही तसल्याच नोटांत.

बाहेर आल्यावर मुलानं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, की स्कॉटलंडचा राष्ट्रीय प्राणी युनिकॉर्न आहे. एकशिंगी घोडा. जो नसतोच. दाजी काही बोलले नाहीत. ज्या देशानं आपला राष्ट्रीय प्राणीच असा निवडला, त्याला उजव्या रकान्यात काय लिहून दाखवणार?

स्टर्लिंगला त्यांनी पुन्हा उभारी धरली. ‘ब्रेव्हहार्ट’ हा १९९५ चा सिनेमा आमच्या मुलाचा लाडका, आणि दाजींचा लाडका शत्रू. विल्यम वॉलेसनं १२९७ मध्ये इंग्रजांना हरवलं ते स्टर्लिंगच्या पुलामुळे. अरुंद लाकडी पुलावरून निम्मं सैन्य अलीकडे येईतो तो थांबला. सिनेमात लढाई आहे, पूल नाही. ज्या राजकन्येशी वॉलेसचं सूत जमलेलं दाखवलंय, ती तो फासावर गेला तेव्हा फ्रान्समध्ये होती आणि दहा वर्षांच्या आसपासची होती. वॉलेसच्या स्मारकाच्या २४६ पायऱ्या चढताना दाजींनी हे सगळं धापा टाकत मुलाच्या पाठीला सांगितलं. आणि वर एक तिथलेच गृहस्थ भेटले. त्यांनी हसत हसत सांगितलं, की खाली वाहनतळावर एकेकाळी वॉलेसचा पुतळा होता, चेहरा थेट त्या सिनेमानटाचा. लोकांनी त्याची इतकी मोडतोड केली, की भोवती जाळी लावावी लागली आणि शेवटी २००८ मध्ये तो हलवला. म्हणजे खोडून काढायचं काम इथं जनतेनं हातोडीनं आधीच उरकलं होतं.

त्या संध्याकाळी दाजी खिन्न होते. त्यांना हसू आलं ते एकदाच. चौथ्या जेम्सच्या दरबारी जॉन डेमियन नावाचा एक किमयागार होता. १५०७ मध्ये तो पिसांचे पंख बांधून स्टर्लिंगच्या तटावरून फ्रान्सला उडाला आणि उकिरड्यात पडून मांडी मोडून बसला. त्यानं कारण दिलं, की पंखांत गरुडाच्या पिसांबरोबर कोंबडीची पिसं मिसळली गेली, आणि कोंबडीची ओढ उकिरड्याकडेच असते. दाजी म्हणाले, ‘खात्यात असता तर कार्यकारी अभियंता झाला असता. काम फसल्यावर इतका चोख खुलासा मी पाहिलेला नाही.’

पुढचा प्रवास मी भराभर सांगतो, कारण पाऊस होता आणि काचेतून दिसत नव्हतं. ग्लेन्को दिसलं तेवढं सुंदर होतं. ग्लेनफिनन इथं एकवीस कमानींच्या रेल्वेपुलावरून जाणाऱ्या, एका सिनेमात दिसलेल्या आगगाडीची वाट बघत शे-दोनशे माणसं छत्र्या धरून उभी होती. हा पूल शंभरावर वर्षांपूर्वीचा आणि सबंध काँक्रीटचा, हे कळल्यावर दाजी खाली उतरून खांबाला हात लावून आले. बांधताना एका खांबात घोडा गाडीसकट पडला अशी आख्यायिका आहे. दाजी मोठ्या आशेनं ती मोडायला निघाले, तर २००१ मध्ये तपासणी होऊन घोडा खरोखरच सापडलेला निघाला. फक्त दुसऱ्या पुलात.

आयलीन डोनन किल्ला तुम्ही कॅलेंडरवर पाहिला असेल. तीन खाड्या मिळतात तिथं बेटावर, कमानी पुलाच्या टोकाला, धुक्यात. आईनं हात जोडले. दाजी म्हणाले, ‘आई, प्रत्यक्षात मूळ किल्ला १७१९ मध्ये आरमारानं तोफा डागून घेतला आणि सुरुंगानं उडवला. दोनशे वर्षं नुसता ढिगारा होता. हा समोरचा पुरा झाला १९३२ मध्ये. आपलं गेटवे ऑफ इंडिया याच्यापेक्षा आठ वर्षांनी थोरलं.’ हे मात्र आम्हा सगळ्यांनाच लागलं. खरं सांगायचं तर मला ते चित्र मोडायला नको होतं. पण आत गेलो तर भिंतीवर तीच हकीकत, फोटोंसह. मालकांनी ढिगाऱ्याचे फोटोसुद्धा जपून ठेवले होते.

इनव्हर्नेसला उतरलो त्या घरच्या मालकीणबाईंनी न्याहारीला हॅगिस वाढलं. मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुस, ओटचं भरड पीठ, चरबी, कांदा, मिरी. दाजी सांगलीचे, वजडी हा त्यांचा हळवा कोपरा. त्यांनी दोनदा मागून घेतलं आणि मग म्हणाले, की प्रत्यक्षात हॅगिसची कृती इंग्लंडच्या १६१५ च्या पाककृतीच्या पुस्तकात आहे, म्हणजे हा पदार्थ स्कॉटिशच कशावरून? बाईंनी चहा ओतता ओतता विचारलं, ‘इंग्लंडमध्ये कुणी तुम्हाला वाढलं का?’ दाजींनी नाही म्हटलं. ‘मग,’ असं म्हणून बाई टोस्ट आणायला गेल्या. आईला त्यांनी डाळी-घेवड्याचं शाकाहारी हॅगिस दिलं. ते आईला इतकं आवडलं, की कृती विचारायला ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि एकही सामाईक शब्द नसताना वीस मिनिटांनी कृती घेऊन परतली.

जवळच्या एका गावात त्या दिवशी हायलँड गेम्स होते. सबंध सहलीत दाजींचा खरा उपयोग झाला तो इथं. पाच-सहा मीटरचा सोट उभा पेलून पहिलवान धावतो आणि भिरकावतो. आम्ही तो लांब पडला की टाळ्या वाजवत होतो. दाजींनी सांगितलं, की प्रत्यक्षात इथं लांबी मोजतच नाहीत. सोट हवेत कोलांटी घेऊन फेकणाऱ्याच्या नाकासमोर सरळ रेषेत पडला पाहिजे. घड्याळाचे बारा वाजावेत तसा. त्यानंतर आम्हाला खेळ समजला आणि आम्ही योग्य वेळी ओरडू लागलो. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं वळून दाजींना अंगठा दाखवला. तिथं पाटी नव्हती. बॅगपाइपवाले मैदानात आले तेव्हा आईनं विचारलं, ‘लग्न कुणाचं?’ आणि दाजींनी तेसुद्धा खोडलं नाही, इतके ते खुशीत होते.

कलोडनला आम्ही दुपारी पोचलो. नुसतं ओसाड माळरान. एका बाजूला निळी निशाणं, दुसऱ्या बाजूला लाल. १६ एप्रिल १७४६ ला इथं तासाभराच्या आत लढाई संपली. राजगादीसाठी लढणाऱ्या राजकुमार चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या बाजूचे दीड हजारांच्या आसपास पडले. राजकुमार निसटला. दाजींच्या वहीतलं सगळ्यांत मोठं ‘प्रत्यक्षात’ इथलं होतं: ही स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड अशी लढाई नव्हतीच, सरकारी फौजेतही स्कॉटिश पलटणी होत्या. पण ते तिथल्या माहिती केंद्राच्या भिंतींवर आधीच मांडलेलं होतं. कुळांची नावं कोरलेले दगड लढाईनंतर शंभरावर वर्षांनी, १८८१ मध्ये बसवले, हेही. दाजींना सांगायला काही उरलंच नाही. आई काठी टेकत एकेका दगडापाशी थांबत होती. ‘जावईबापू, यातले आपले कुठले?’ तिनं विचारलं. आईला कुठल्याही लढाईत आपले कुठले ते कळावं लागतं, त्याशिवाय तिला वाईट वाटून घेता येत नाही. दाजींनी वही उघडली नाही. ‘दोन्हीकडे त्यांचेच होते, आई.’ ‘म्हणजे भाऊबंदकी,’ आई म्हणाली, आणि पुढे चालू लागली. दाजींनी ते लिहून घेतल्याचं मी पाहिलं. कुठल्या रकान्यात, ते दिसलं नाही.

त्या रात्री दाजींमध्ये बदल झाला. ज्या गोष्टी तो देश स्वतःच खोडून ठेवतो, त्या खोडण्यात काय अर्थ आहे? मग उरतं काय? तर त्यांची खोडणी खोडणं. न्याहारीच्या टेबलावर ते ताजेतवाने आले आणि म्हणाले, की आजचा आखूड किल्ट रॉलिन्सन नावाच्या इंग्रज कारखानदारानं काढला, असं जे हुशार लोक सांगतात, तेही तपासून घ्यायला हवं. प्रत्यक्षात ती हकीकत अनेक वर्षांनी लिहिलेल्या एका पत्रावर उभी आहे, आणि काही अभ्यासकांच्या मते असा किल्ट त्याआधीही नेसत होते. दोन कुत्र्यांचंही तसंच. तो एक तर्क आहे. आई म्हणाली, ‘मी आधीच सांगितलं होतं.’ तिनं काहीच सांगितलेलं नव्हतं.

आणि अशा मनःस्थितीत दाजी लॉक नेसवर आले.

सरोवर पाहिल्यावर त्यांनी पहिल्यांदा केलं काय, तर टीएमसी काढले. सदतीस किलोमीटर लांब, सव्वादोनशे मीटरच्या वर खोल, सात अब्ज घनमीटरच्या वर पाणी. ‘दोनशे साठ टीएमसी,’ ते म्हणाले. ‘अडीच कोयना. आणि धरण नाही, दरवाजे नाहीत, विसर्ग कळवायचा नाही.’ इतका मत्सर मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

बोटीचा कप्तान तिशीतला होता. त्यानं ध्वनिक्षेपकावरून सरोवरातल्या राक्षसाच्या दंतकथेची सगळी बिंगं स्वतःच फोडली. १९३३ मध्ये काठाचा रस्ता नव्यानं झाला आणि त्याच वर्षी इनव्हर्नेसच्या पेपरात बातमी आली. काठावर राक्षसाचे ठसे सापडले, ते निघाले पाणघोड्याच्या पायाचे. तसा एक वाळवलेला पाय कुणाच्या तरी घरी शोभेला होता. १९३४ चा जगप्रसिद्ध फोटो, लांब मानेचा, तो खेळण्यातल्या पाणबुडीला मान चिकटवून काढलेला होता, आणि ते १९९४ मध्ये उघड झालं. ‘मी स्वतः इतक्या वर्षांत काहीही पाहिलेलं नाही,’ कप्तान म्हणाला, ‘पण आज तुमचा दिवस असू शकतो. कॉफी मागच्या बाजूला मिळेल.’

दाजी उठून त्याच्यापाशी गेले. ‘प्रत्यक्षात,’ ते म्हणाले, ‘तुम्ही फार घाई करताय.’ एक फोटो बनावट निघाला म्हणून सगळे साक्षीदार खोटे ठरत नाहीत. २०१८ मध्ये पाण्याचे नमुने घेऊन त्यातला डीएनए तपासला, त्यात सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, हे मान्य. पण वाम माशाचा डीएनए जागोजाग सापडला. वाम किती मोठा, ते डीएनएवरून कळत नाही. मग? अडीच कोयना पाणी आहे. गढूळ आहे. तुम्ही तळापर्यंत उतरला आहात का? कप्तानानं कॉफीच्या बाजूला बोट दाखवलं. एका नवशिक्या बापानं आपल्या पोराला दाजींजवळ आणून उभं केलं आणि ते पोर तोंड उघडं टाकून ऐकू लागलं. दाजींना इतकं भाबडं गिऱ्हाईक सबंध स्कॉटलंडात मिळालं नव्हतं. फक्त आता ते उलट बाजूनं वकीलपत्र चालवत होते.

डावीकडे अर्कर्ट किल्ल्याचे पडके बुरूज आले. हा किल्ला १६९२ मध्ये जाताना सरकारी सैनिकांनीच सुरुंगानं उडवला, शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून. सगळे कॅमेरे तिकडे वळले. आई उजवीकडे तोंड करून शाल घट्ट लपेटून बसली होती.

‘दिसलं,’ ती म्हणाली.

कुणीच काही बोललं नाही. मग दाजी जवळजवळ धावत आले. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पाणी काळं, सपाट, आपल्या नादात. ‘काय दिसलं? कुठल्या दिशेला? किती अंतरावर? वशिंडं किती? एक की दोन? पाणी कापत गेलं की बुडालं? आई, नीट आठवा, मागून बोट गेली होती का?’ त्यांनी वही मांडीवर घेतली, घड्याळ पाहिलं, वाऱ्याची दिशा लिहिली. ताई म्हणाली, ‘अहो, जरा दम धरा.’ दाजी दम धरणार नव्हते. तीस वर्षांत प्रथमच सासूबाईंनी पाहिलेली गोष्ट त्यांना खरी ठरवायची होती, आणि त्यासाठी ते तिला उलटतपासणीत अक्षरशः पिळत होते.

आईनं तीन-चार प्रश्न सोसले. मग चष्मा काढला आणि पदरानं पुसला.

‘हे बघा जावईबापू, मला दिसलं ते दिसलं. तुमचं स्थळ आणलं तेव्हा मध्यस्थानं सांगितलं होतं, मुलगा इंजिनिअर आहे म्हणून. प्रत्यक्षात निघालात ओव्हरसियर. आम्ही कधी विचारलं, वशिंडं किती?’

ताई पाण्याकडे तोंड करून इतकी हसली, की कप्तानानं तिला बोट लागली की काय म्हणून कागदी पिशवी पाठवली.

दाजींनी रागबीग धरला नाही. संध्याकाळी मुक्कामावर त्यांनी मालकीणबाईंकडून दोन कोरे कागद मागून घेतले आणि इंग्रजीत रीतसर अहवाल तयार केला. अशा दर्शनांची नोंद ठेवणारी एक यादी आहे, तिकडे पाठवायचा म्हणून. स्थळ, वेळ, हवामान, पाण्याचा अंदाजे साठा टीएमसीमध्ये. साक्षीदार: वय ८२, दृष्टी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उत्तम, खोटं बोलण्याचा पूर्वेतिहास नाही. आईनं तो कागद नातीकडून मराठी करून मोठ्यानं वाचून घेतला. स्वतःबद्दलच्या ओळी तिला पसंत पडल्या. शेवटी सही होती आणि सहीखाली अहवाल लिहिणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. नात वाचता वाचता थांबली.

‘वाच की,’ आई म्हणाली.

‘इंजिनिअर, निवृत्त.’